मस्टरवरचे 12 दिवस

जुलै लागला की आमच्या ऑफिसात (जळगावात एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे मी) रिटर्नवाल्यांची जत्रा भरते. सगळ्यांचं एकच, भाऊ, काहीतरी बसवा ना. बसवा म्हणजे इन्कम असं बसवा की टॅक्स लागायला नको. आणि त्यातलाच एखादा दोन वर्षांनी येतो, यंदा जरा वाढवून दाखवा, होम लोन काढायचंय! छोट्या धंद्यात विक्रीच्या 8 टक्के नफा दाखवला की वह्या ठेवायची कटकट नाही (पैसे बँकेतून, यूपीआयने आले असले तर 6 टक्के), त्यामुळे कापडवाला असो का हार्डवेअरवाला, सगळ्यांचा नफा बरोब्बर 8 टक्के. रावेर-यावलकडे दोन एकर असलं मग तर काय, शेतीचं उत्पन्न करमाफ, काही जणांच्या केळीला बागेपेक्षा कागदावरच जास्त घड लागतात.

यात नुकसान झालं तर सरकारचं, आपल्याला काय, असं मलाही वाटायचं.

या ऑफिसात यायच्या आधी मी एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट बघायचो. नाव घेत नाही. तिथे दोन वह्या, एक कच्ची एक पक्की, त्यात नवल काही नाही. बिनबिलाचा माल रात्री जायचा. पण एक गोष्ट मला तिथे बसल्यावरच कळली. माल अर्धा दाखवायचा असला तर मजुरीही अर्धीच दाखवावी लागते, नाहीतर उद्या कोणी साहेब येऊन विचारेल की इतकी माणसं महिनाभर राबली मग माल गेला कुठे. लाईटबिल लपवता येत नाही, त्यासाठी शेठची कारणं तयार असायची, मशीन जुनं आहे, प्लास्टिकचा दाणा खराब आला, वेस्टेज फार जातं. मजुरीला कारण लागत नाही, मस्टरवर (हजेरीच्या वहीत) दिवसच कमी टाकायचे.

आणि यात किमान वेतन पण आपोआप "पाळलं" जातं बरं का. बाई 26 दिवस आली, तिला मिळाले समजा दिवसाचे सरकारी रेटच्या निम्मे. पक्क्यात लिहायचं 12 दिवस, रेट पूर्ण, एक पैसा कमी नाही. उरलेले हातात रोख, ते कच्च्यात. तपासणीला कोणी आलंच तर रेटचा रकाना बघतो, अकुशलला इतके, अर्धकुशलला इतके, विशेष भत्ता (महागाईचा) धरला की नाही, सगळं चोख. दिवसाचा रकाना खरा आहे का हे बघायला मजुरांशी बोलावं लागतं, तेवढा वेळ कोणाला आहे. हा विशेष भत्ता आपल्या राज्यात दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारी आणि जुलैत. नवीन रेट आला की आमच्याकडे काय व्हायचं? रेट वाढवायचा आणि दिवस घटवायचे, टोटल तीच.

अमळनेरकडची एक मावशी होती, चटईला कडेची पट्टी शिवायची. पावसात सुद्धा खाडा नाही. फेब्रुवारीत तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दीड महिना घरी बसायला सांगितलं. ईएसआयसी (कामगार विमा) कापलं जायचं तिचं, कागदापुरतं का होईना, म्हणून मीच शहाणपणा करून म्हटलं मावशी, आजारपणाचे पैसे मिळतात, पगाराच्या 70 टक्के, फॉर्म भरून टाकू. नियम असा की जानेवारी ते जून मधल्या आजारपणासाठी मागच्या एप्रिल ते सप्टेंबर मध्ये निदान 78 दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे.

बारा सक बाहत्तर.

सहा दिवस कमी. तिला सांगितलं तर म्हणे, "भाऊ, मी ते एक बी खाडा करेल नही, मंग हाई बारा कसं काय शे?" आणि ते बारा माझ्याच अक्षरात होते, निळ्या पेनाने, दर महिन्याला तेच, कंटाळा यायचा म्हणून मी सहाही महिने एकाच बैठकीत भरले होते. दर महिन्याला 13 टाकत गेलो असतो तरी 78 होत होते! तेव्हा मला फक्त टोटल जुळवायची होती.

एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1982 लाच म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच. 1948 चा कायदा जाऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता पण लागू झाली. व्हॉट्सअपवर सगळी चर्चा रेट किती वाढणार याचीच चालते. वाढायलाच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही, पण जोवर बिनबिलाचा माल जातोय तोवर वाढलेला रेट बारा दिवसांचाच मिळणार.

मावशीचं हे शेठला सांगितलं तर त्याला खरंच वाईट वाटलं. लगेच गल्ल्यातून पाच हजार काढून दिले, मावशीने हात जोडले, म्हणाली शेठ देवमानूस शे. ती गेल्यावर शेठ मला म्हणाला उचल म्हणून लिहून घे, महिन्याला पाचशे कापू.

लिहिली मी. कच्च्या वहीत.