तारखेचा रकाना

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभासदत्वाच्या नव्या अर्जात बाप्तिस्म्याच्या तारखेखाली आणखी एक रकाना आहे: नव्या जन्माची तारीख, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने आयुष्य नव्याने सुरू झाले तो दिवस. ताईने तो क्षणभरही न थांबता भरला, दिवस-महिना-वर्ष लिहून झाल्यावर पुढे ‘संध्याकाळची प्रार्थनासभा’ असेही लिहिले आणि पेन माझ्याकडे सरकवत अगदी सहज विचारले, “तुझी?” मी विषय बदलला. तिच्या मनात काही नव्हते हे मला ठाऊक आहे. तरीही तो दोन बोटांचा कोरा रकाना तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मला तारीख नाही. एवढे साधे वाक्य लिहितानाही आपण काही तरी लपवलेले उघडे करत आहोत असे वाटते आणि त्याचाच राग येतो. साक्षीच्या वेळी, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो हे सभेत सांगायला, जी माणसे उभी राहतात, त्यांच्या आयुष्याचे त्या एका दिवसाने दोन स्वच्छ भाग केलेले असतात; आधी काय होतो आणि नंतर काय झालो, हे त्यांना न अडखळता सांगता येते. शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, दिमिष्काच्या वाटेवर आकाशातून प्रकाश दिसला, तो जमिनीवर पडला, तीन दिवस त्याला दिसेनासे झाले. ही हकिकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीनदा आली आहे. माझ्याजवळ एकदा सांगण्याजोगेही काही नाही. प्रार्थना करणाऱ्या घरात वाढल्यामुळे विश्वास नव्हता असा काळ आठवत नाही आणि तो घरच्यांचा न राहता माझा केव्हा झाला, हेही आठवत नाही. बाबा असते तर त्यांना विचारले असते. ते राहू दे.

बाप्तिस्म्याची तारीख मात्र दाखल्यावर आहे. तेव्हा मी तान्ही होते आणि मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्यांनी दिली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन अशा जुन्या मंडळ्यांच्या शिकवणीप्रमाणे याच पाण्यात नवा जन्म होतो आणि त्यासाठी तीताला लिहिलेल्या पत्रातल्या, नव्या जन्माच्या स्नानाविषयीच्या वचनाचा आधार घेतला जातो. तसे धरले तर दोन्ही रकान्यांत एकच तारीख टाकून मोकळे होता येईल. पण ज्याने दोन रकाने आखले, त्याने हा प्रश्न आधीच निकाली काढला आहे. या वादापायी माणसांनी जीव दिले आहेत. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानता प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्यापैकी फेलिक्स मान्त्स याला 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. माझी अडचण त्यापुढे किती स्वस्तातली आहे हे कळते, पण कळल्याने ती कमी होत नाही.

आज पुन्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचला. निकदेम हा यहुदी धर्मपुढारी रात्री येशूकडे येतो, म्हातारपणी माणूस जन्मेल कसा असे विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते ते वाऱ्याचे: त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही. पुढे निकदेम संभाषणातून केव्हा बाहेर पडतो हेसुद्धा लक्षात येत नाही. त्याने मान डोलावली की तो खांदे उडवून घरी गेला, याबद्दल योहान एक अक्षर लिहीत नाही. सातव्या अध्यायात तोच निकदेम आपल्या बरोबरीच्या परूश्यांसमोर विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय. आणि एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, तो येशूच्या देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, आजच्या मापाने तीस किलोंच्या वर. मधल्या काळात केव्हा तरी काही तरी घडले असणारच. नव्या जन्माचा उपदेश ज्याला पहिल्यांदा ऐकायला मिळाला, त्याचाच रकाना शुभवर्तमानात कोरा आहे.

यावर समाधान मानून उठणार होते, तेवढ्यात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली आठवला आणि पुन्हा हेवा वाटला. 24 मे 1738, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, पावणेनऊचा सुमार, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचत असताना त्याचे अंतःकरण विलक्षण ऊबदार झाले. या माणसाला तारीखच काय, घड्याळातली वेळही ठाऊक होती! पण पुढच्याच जानेवारीत, 1739 च्या 4 तारखेला, त्याच वेस्लीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की मी अजून ख्रिस्ती नाही. हे वाचून मला जितका आनंद झाला तितका व्हायला नको होता.

शिवाय स्वतःचा पहिला जन्म तरी कोणाला आठवतो? ती तारीखही दुसऱ्यांनीच सांगितलेली असते. त्याच न्यायाने माझ्या नव्या जन्माबद्दल घरच्यांना विचारावे असे मनात आले. पण सकाळच्या वेळी माझ्याशी ज्यांची गाठ पडते, ते एकमताने सांगतील की अजून व्हायचा आहे, वाट पाहत आहोत. लिहिता लिहिता माझे मलाच हसू आले, आणि बऱ्याच दिवसांनी आले.

अडचण एवढीच की योहानाचे पहिले पत्र घरच्यांच्याच बाजूचे आहे. देवापासून जन्मलेला कोण, हे त्या पत्रात पुन्हा पुन्हा येते आणि ओळख बहुतेक वेळा माणसाच्या वागण्यावरून पटवलेली असते: जो नीतीने चालतो तो, जो प्रीती करतो तो. जो बंधूचा द्वेष करतो तो अजून अंधारात आहे, असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. द्वेष हा शब्द माझ्या बाबतीत फार मोठा होईल, नुसते बोलणे बंद आहे, असे मी वाचता वाचता स्वतःला सांगितले, आणि ते फारसे पटले नाही. त्या घराच्या वाटणीबद्दल आज लिहिणार नाही. पण तारीख एक वेळ अंदाजाने टाकता आली असती. हे मात्र दादाला विचारल्याशिवाय ठरायचे नाही, आणि विचारले तर तो काय म्हणेल, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.