लाईट गेली तेव्हा ऐकू आलेली टकटक

शुक्रवार, रात्रीचा दीड वाजलाय

कॉम्प्युटर कॉपीला लावलाय आणि तो सोडून झोपायला जायचा धीर होत नाही, म्हणून वहीत लिहीत बसलेय.

महिनाभर त्रास चाललाय. आधी नुसता आवाज. सकाळी चालू केला की घर्रर्र, मग थोडा कमी, दुपारी परत वाढायचा. मग हँग व्हायला लागला. डिझाईन काढता काढता माऊस जागीच थांबायचा आणि अर्ध्या मिनिटाने मी केलेले सगळे क्लिक एकदम व्हायचे. चादरीच्या डिझाईनमध्ये एकेक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एकेक गाठभेट, तिथे भलत्या दहा चौकोनांत रंग भरला गेला की सगळी ओळ परत तपासावी लागते. दोन ऑर्डरी उशिरा दिल्या. मालक काही बोलले नाहीत पण मला फार लागलं ते.

एका दुकानात नेला तर त्यांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, नवीन घ्या. मी परत घेऊन आले. बघितल्याशिवाय कसं काय सांगता येतं हे मला अजून कळलेलं नाही.

मागच्या रविवारी गॅलरीत नेऊन स्वतःच उघडला. सोलापुरात आमच्या पूर्व भागात घराघराच्या शेजारी माग, हवेत सुताचं तूस कायमच असतं, पण आत असं असेल वाटलं नव्हतं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या खाली, त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तुसाचा अक्षरशः थर, जाडजूड कापडासारखा, चिमटीत धरला तर अखंड निघून आला. हवा जाणार कुठून? त्यात मे महिना, खोलीतच ४१-४२. प्रोसेसरचं टेम्परेचर नुसतं बसल्या जागी ७८ आणि डिझाईन उघडलं की ९७.

ब्रशने साफ केला, ब्लोअर मारला (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं), प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी जुनी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवीन लावली. मागच्या बाजूच्या पंख्याचं बेअरिंग गेलेलंच होतं, हाताने हलवला तर दांडा डुगडुगायचा, तो नवीपेठेतून नवीन आणला. एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, मात्र बाहेरूनच ब्रश फिरवला. तो उघडायचाच नाही, प्लग काढला तरी आतले कपॅसिटर बराच वेळ करंट धरून असतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर नीट बघितले, एकही फुगलेला नाही, सगळ्यांची डोकी सपाट.

चालू केला तर ४६. आवाज गेला. मी इतकी खुश झाले की आईला हाक मारून दाखवलं.

आणि मंगळवारी परत हँग.

मग मात्र नीट विचार करायला बसले. उष्णतेने अडलं असतं तर सगळंच हळू झालं असतं किंवा एकदम बंदच पडला असता, आणि आता तर गरमही होत नव्हता. रॅम खराब असती तर निळी स्क्रीन, नाहीतर भलतेच एरर आले असते, तरी रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, सकाळी एरर शून्य. एसएमपीएस कमजोर असता तर लोड आल्यावर रीस्टार्ट झाला असता, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, १२ व्होल्टच्या लाईनला १२.१ दिसत होते, ११.४ ते १२.६ चालतं. मग राहिलं काय?

ते कळलं बुधवारी रात्री. साडेदहाला लाईट गेली. शेजारचे माग एका झटक्यात बंद, डोक्यावरचा पंखा बंद, गल्लीतला टीव्ही बंद, नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर चालू. अशी शांतता आमच्याकडे लाईट गेल्याशिवाय मिळत नाही. आणि त्या शांततेत टक… टक… टक. आणि स्क्रीन थांबलेली. हार्डडिस्कचा लाल दिवा नुसता पेटलेला, लुकलुकतसुद्धा नाही.

बाबा बाजेवर पडले होते, तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, ते उठून बसले. म्हणाले, "आगं, दोन आवाज होते की. घरघर गेली, हा त्याच्या खाली दबून होता." मग म्हणाले स्क्रूड्रायव्हर आण, टोक डिस्कच्या लोखंडी अंगाला लाव, मूठ कानाला लाव. मागाच्या गिअरचा आवाज ते असाच ऐकायचे म्हणे. मी ऐकलं. आत काहीतरी पुढे जातंय, अडतंय, परत मागे येतंय. म्हणजे हेड, डिस्कवरचं वाचणारं टोक, एखादी जागा वाचायला जातंय, वाचता येत नाही म्हणून परत जातंय, आणि तोवर अख्खं विंडोज त्याची वाट बघत थांबतंय. महिनाभर मी ज्याला हँग म्हणत होते ते हे होतं.

लाईट आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम, टाकून बघितलं, पिवळा शेरा, कॉशन. करंट पेंडिंग सेक्टरपुढे १३८, पण तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, असतो, म्हणजे खरे ३१२. वाचता न येणाऱ्या ३१२ जागा. केबलचे एरर मोजणारा आकडा शून्य, म्हणजे केबल बदलून काही होणार नव्हतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, विंडोजच्या नोंदवहीत, डिस्कचे ७ नंबरचे एरर, बॅड ब्लॉक, पार एप्रिलपासून रांगेने. तिथे लिहिलेलं होतं सगळं, मी उघडून बघितलंच नव्हतं.

अशा वेळी डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवावंसं वाटतं, मलाही वाटलं, पण मरायला टेकलेल्या डिस्कला सगळीकडून वाचायला लावायचं आणि वर फाईलींच्या यादीत फेरफार करू द्यायचा हे आधी नाही. आधी माल बाहेर काढायचा. म्हणून डिझाईनचं फोल्डर आधी, तेही थोडं थोडं, मग फोटो, गाणी-बिणी राहिली तर राहिली. ११ जीबीला सहा तास झाले.

सतरा फाईली अडकल्यात. त्यातली एक बाबांची मोराची किनार आहे, त्यांनी ग्राफपेपरवर पेन्सिलीने काढलेली, मी तीन वर्षांपूर्वी चौकोन मोजून मोजून कॉम्प्युटरवर घेतलेली. कागद ट्रंकेत होता पण त्याच्या दोन घड्या फाटल्यात आणि मधल्या पिसाऱ्याचा भाग गेलाय. बाबांना अजून सांगितलं नाही. ते जागेच आहेत, मधूनमधून विचारतात आली का गं, मी म्हणते येतेय.

मघाशी गेलेली लाईट आता परत आलीय, माग सुरू झालेत, टकटक काही ऐकू येत नाही. म्हणून कॅबिनेटवर तळहात ठेवून बसलेय. अडलं की हाताला कळतं, सुटलं की पण कळतं. आत्ता सुटलंय. सोळा राहिल्या.