चिंगीचे पंधरा आकडे

ऑगस्टच्या अखेरीस फ्रँकफर्टच्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अन् चिंगी?"

चिंगी आमची गावठी कुत्री. चार वर्षांपूर्वी नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर पावसात कुडकुडत बसलेली सापडली होती. वजन १८ किलो, कान कायम ताठ. तिला मागे ठेवून जायचं नाही, हे माझं पत्र वाचतानाच ठरलं होतं. मला वाटलं, लसींची वही तयार आहे, तिकीट काढलं की निघालो. प्रत्यक्षात साडेचार महिने लागले, कारण मला क्रम माहीत नव्हता. ज्यांना भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं आहे त्यांच्यासाठी मुख्यतः हा क्रमच लिहिते आहे.

आधी चिप, म्हणजे कुत्र्याचा ओळख नंबर असलेली मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिंगीला दरवर्षी न चुकता लस दिली होती, पण चिप नव्हती. युरोपच्या नियमात चिप बसवण्याआधीची लस धरतच नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो. चार वर्षांची वही एका वाक्यात बाद झाली. ४ सप्टेंबरला तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. सुई चांगलीच जाड असते. चिंगी एकदा कण्हली आणि माझ्या कोपराखाली तोंड खुपसून बसली. डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला, पंधरा आकडी नंबर दिसला, आणि त्यानंतरच लस टोचली.

पुढची पायरी रक्ततपासणीची. लसीनंतर किमान ३० दिवस गेल्यावर रक्त घ्यायचं, आणि ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) भरली पाहिजेत. रिपोर्ट चांगला आला तरी लगेच निघता येत नाही. रक्त घेतलेल्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. शरीरात आधीच शिरलेला रेबीज असेल तर तो या काळात दिसून यावा, म्हणून हा थांबा आहे. आमचं रक्त ५ ऑक्टोबरला घेतलं, म्हणजे ५ जानेवारीच्या आत जाणं शक्यच नव्हतं. मी कंपनीला सगळ्या तारखा लिहून कळवल्या आणि रुजू व्हायची तारीख पुढे मागितली. ती मिळाली. विचारायला संकोचू नका, एवढंच सांगेन.

रिपोर्ट आला, प्रतिपिंडं भरपूर होती, घरात पेढे वाटले. रात्री मी सहज वहीशेजारी रिपोर्ट ठेवला आणि पोटात गोळा आला. चिपच्या नंबरात अकरावा आकडा वेगळा होता. वहीत ३, रिपोर्टवर ८. नमुन्यासोबतचा फॉर्म दवाखान्यात हाताने भरला होता, आणि तिथे कुणाचा तरी ३ जरा जास्तच वळला होता. एका आकड्याने ती कागदावर दुसरीच कुत्री ठरत होती. दुरुस्त रिपोर्ट यायला सोळा दिवस गेले. त्या सोळा दिवसांत मला नीट झोप नव्हती. चिपसोबत बारकोडचे स्टिकर मिळतात, ते प्रत्येक कागदावर चिकटवा. हाताने नंबर लिहूच देऊ नका.

तीन महिन्यांचा वेळ मी क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याची, सवय लावण्यात घालवला, आणि आता वाटतं तेच सगळ्यात मोलाचं काम झालं. केबिनमध्ये साधारण आठ किलोपर्यंतचंच कुत्रं नेता येतं, ते वजनही बॅग धरून. म्हणजे चिंगी खाली, मालाच्या कप्प्यात. तिथे हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं, पण सोबतीला कुणी नसतं. पहिला क्रेट मी डोक्यापर्यंत माप घेऊन आणला. तिचे उभे कान छताला टेकत होते, तो परत करावा लागला. उंची कानाच्या टोकापर्यंत मोजतात. मग दिवाणखान्यात क्रेट उघडा ठेवून रोजचं जेवण आतच द्यायला लागलो. नोव्हेंबरमध्ये ती दुपारची आपणहून आत जाऊन झोपू लागली. झोपेचं औषध द्या असं बऱ्याच जणांनी सुचवलं. देऊ नका. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो.

शेजारच्या काकू म्हणायच्या, "काऊन एवढा जीव आटवून राहिली बाप्पा, तिकडे कुत्रे नाहीत काय?" निघायच्या आदल्या दिवशी क्रेटमध्ये अंथरायला आपलं जुनं सुती लुगडं त्यांनीच घडी करून आणून दिलं.

मुंबईपर्यंत समृद्धी महामार्गाने गाडीतून नेलं. ७०१ किलोमीटर, दर दोन तासांनी पाणी आणि पाय मोकळे. प्राणी क्वारंटाइन विभागाच्या कार्यालयात अधिकाऱ्यांनी चिंगीला प्रत्यक्ष तपासलं, चिप वाचली आणि आरोग्य प्रमाणपत्रावर सही-शिक्का दिला. युरोपात पोचेपर्यंत हे प्रमाणपत्र दहाच दिवस चालतं, म्हणून ते अगदी शेवटी करतात. तिकीटही कुत्र्याची जागा पक्की झाल्यावरच काढा, एका विमानात मोजकेच प्राणी घेतात.

विमानात नऊ तास मी घड्याळच बघत होते. फ्रँकफर्टला क्रेट समोर आला तेव्हा चिंगी लुगड्यात नाक खुपसून बसली होती. माझा आवाज ऐकताच शेपटी प्लास्टिकवर धडाधड आपटायला लागली. तपासणी करणाऱ्या बाईंनी जाळीतून स्कॅनर धरला. बीप वाजला. त्या एकेक आकडा वाचत कागदाशी ताडत होत्या, आणि त्यांच्यासोबत मीही मनात म्हणत होते. अकराव्याला श्वास धरला. तीन.

त्यांनी शिक्का मारला आणि दार उघडलं.