तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडे शाळेत 'ते' शिकवतात का?

हवापाणी, तब्येती आणि भाज्यांचे भाव झाले की पुण्याची मामी आवाज खाली आणून विचारतेच, "काय गं, तुमच्याकडे शाळेत मुलांना ते तसलं सगळं शिकवतात म्हणे?" नागपूरची मैत्रीण हाच प्रश्न खणखणीत आवाजात विचारते. 'ते' म्हणजे गे, लेस्बियन वगैरे लोकांबद्दल. व्हॉट्सॲपवर काही ना काही फिरत असतंच. तर एकदाच सविस्तर सांगून टाकते.

हो, शिकवतात. मी कॅलिफोर्नियात राहते आणि इथे तसा कायदाच आहे. फक्त तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते हे नव्हे. लैंगिक शिक्षण हा वेगळा भाग आहे, आणि आईबापांनी लेखी कळवलं तर मुलाला त्यातून वगळता येतं. (2007 साली महाराष्ट्रात ज्यावरून आमदार खवळले आणि सरकारने बंदी घातली, ते ह्या जातीचं.) मी सांगतेय तो कायदा इतिहासाचा.

राज्याच्या आणि देशाच्या जडणघडणीत कुणाकुणाचा वाटा शिकवायचा, याची यादी इथल्या शिक्षण कायद्यात आधीपासून होती : स्त्रिया, कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई वगैरे. 2011 साली सॅन फ्रान्सिस्कोचे सिनेटर मार्क लेनो, जे स्वतः उघडपणे गे, त्यांनी एसबी 48 हे विधेयक आणून त्या यादीत गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर आणि अपंग व्यक्तींची भर घातली. अपंगांबद्दल मला फोनवर आजवर कुणी विचारलेलं नाही. 2006 मध्येही असा प्रयत्न झाला होता. शीला क्यूल यांचं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलं आणि गव्हर्नर श्वार्झनेगरनी व्हेटो वापरला.

2011 च्या चर्चेत विरोधकांचा सूर असा, की हा मुलांवर विचार लादण्याचा प्रकार आहे, काय शिकवायचं ते आईबाप आणि स्थानिक शाळा मंडळं बघून घेतील. बाजूचे म्हणत, वर्गात चिडवाचिडवी सोसणाऱ्या पोराला पुस्तकात आपल्यासारखं एक तरी माणूस दिसू दे. विरोधकांचा एक मुद्दा मला आजही वजनदार वाटतो : इतिहासात कोण असावं हे आमदारांनी मतदानाने ठरवायचं का? पण ती यादी आधीपासून आमदारांनीच केलेली होती. स्त्रियांची भर पडलेली चालली, आणि नेमकं इथे तत्त्व आठवलं. सिनेटमध्ये 23 विरुद्ध 14, असेंब्लीत 49 विरुद्ध 25, आणि 14 जुलैला गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची सही. मग सार्वमतासाठी सह्या गोळा करायची मोहीम निघाली. पाच लाखांवर सह्या हव्या होत्या, तेवढ्या जमल्या नाहीत.

कायदा 2012 पासून लागू झाला, पण पुस्तकं कुठे होती? राज्याची तिजोरी तेव्हा खडखडत होती, नव्या पुस्तकांचं काम बंदच पडलेलं. इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा नवा आराखडा मंजूर झाला 2016 च्या जुलैत. ते साल इथल्या भारतीयांना चांगलं आठवत असेल, कारण त्याच आराखड्यावरून आपली मंडळीही राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला धडकली होती. 'साउथ एशिया' नको, 'इंडिया' म्हणा, हिंदू धर्माबद्दल नीट लिहा, अशा मागण्या होत्या. जातिव्यवस्थेवर काय आणि किती लिहायचं यावरून तर आपल्याआपल्यातच जुंपली होती. शाळकरी मुलं माईकपुढे उभी राहून सांगत होती, की पुस्तकात आम्ही असे दिसतो म्हणून वर्गात आमची थट्टा होते. म्हणजे लेनोंच्या बाजूने जे बोललं गेलं होतं, जवळपास तेच. आपलं पोर बोललं की ती अस्मिता, आणि त्यांचं बोललं की अजेंडा, हे मला काही पटत नाही. मंडळाच्या गणपतीत हे बोलून पाहिलं. मोदकांचा विषय निघाला.

2017 च्या नोव्हेंबरात राज्य शिक्षण मंडळाने आठवीपर्यंतचे दहा पुस्तकसंच मंजूर केले आणि होटन मिफ्लिन हार्कोर्ट या प्रकाशकाचे दोन ह्याच कायद्यापायी नाकारले.

आता प्रत्यक्ष असतं काय? दुसरीत, घरं वेगवेगळी असतात : कुठे आजीआजोबा सांभाळतात, कुठे दोन आया. चौथीत सोन्याच्या शोधाचा काळ, आणि त्यात चार्ली पार्कहर्स्ट. हा नावाजलेला घोडागाडीवाला, घोड्याच्या लाथेने एक डोळा गेलेला, तरी डोंगरातल्या रस्त्यांवरून सहा घोड्यांची गाडी हाकायचा. 1879 मध्ये तो वारला तेव्हा लोकांना कळलं, की जन्माने ती बाई होती. माझ्या मुलाला ह्यातलं सगळ्यात काय भावलं, तर डोळा. त्याने चित्र काढलं त्यात पट्टी, चाबूक आणि घोडे, बाकी मजकुराला शून्य किंमत. सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेला, उघडपणे गे असलेला नेता हार्वी मिल्क, हे नावही तेव्हाच कानावर येतं. स्टोनवॉल, म्हणजे 1969 साली न्यूयॉर्कच्या एका गे बारवरच्या पोलिसांच्या छाप्यावरून झालेला उठाव, अकरावीत.

भांडण मिटलंय असं मुळीच नाही. फ्लोरिडाने 2022 मध्ये बरोबर उलटा कायदा केला : लहान वर्गांत हे विषय शिकवायचेच नाहीत. 2023 मध्ये आमच्याच राज्यात टेमेक्युलाच्या शाळा मंडळाने मिल्कचा उल्लेख असलेलं साहित्य अडवलं, गव्हर्नर न्यूसम यांनी दंडाची धमकी दिली, तेव्हा कुठे ते मंजूर झालं. 2025 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने मेरीलँडच्या खटल्यात 6 विरुद्ध 3 असा कौल दिला, की धर्माच्या कारणावरून गे, लेस्बियन वगैरे पात्रांच्या पुस्तकांचं वाचन असेल तेव्हा आईबापांना आपलं मूल बाजूला काढता आलं पाहिजे. ती लहान मुलांची गोष्टींची पुस्तकं होती. उद्या कुणी चौथीचा इतिहास घेऊन कोर्टात गेलं तर नवल वाटायला नको. मुलाला वगळायचा तसला फॉर्म दप्तरातून घरी आला तर मामी, मी त्यावर सही करणार नाही.