जबडा खोटा, दात खरे

न्यू जर्सीतल्या एका खनिजांच्या प्रदर्शनात १४० डॉलर मोजून मी मोसासॉरचा जबडा घेतला. वीतभर लांब, फिक्कट पिवळ्या खडकात रुतलेला, वर पाच तपकिरी दात. मोसासॉर डायनासोर नव्हे. घोरपडीच्या गोतावळ्यातला, समुद्रात पोहणारा हा सरपटणारा प्राणी ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांच्याच सुमारास संपला. मोरोक्कोत खुरीब्गाच्या फॉस्फेट खाणींत त्याचे दात इतके निघतात की सुटा दात बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. जबडा मात्र दुर्मीळ. मग माझा इतका स्वस्त कसा, हे मी तेव्हा विचारलं नाही. घरी आणून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला आणि चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसले.

तोवर माझा अनुभव बिग ब्रूकचा. आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून वाळू चाळायची आणि शार्कचे दात वेचायचे. माणशी दिवसाला पाचच न्यायची मुभा. तिथे खोट्याची भीतीच नसते, त्यामुळे नजर फक्त ‘हा कोणाचा दात’ एवढंच बघायला शिकली होती. ‘हा इथे आला कसा’ हे बघायला नाही.

शंका काढली ती माझ्या मावसबहिणीने. ती पुण्यात दातांची डॉक्टर. व्हिडिओ कॉलवर जबडा दाखवला तर म्हणाली, “अगं, हे दोन एकाच खड्ड्यातून आलेत का? आणि हा तिसरा यांच्या तोंडातला वाटत नाही.” मी म्हटलं, “ताई, तो सरडा आहे, तुझा पेशंट नाही.” पण फोन ठेवल्यावर सोनाराचं दहापटीचं भिंग काढलं.

ताईचं बरोबर होतं. मोसासॉरच्या जबड्यात प्रत्येक दाताची स्वतंत्र खाच असते आणि दाताचं खालचं अंग फुगीर, हाडासारखं खरखरीत असतं. चकचकीत इनॅमल जिथे संपतं तिथे कड उघडी दिसायला हवी. माझ्या जबड्यात ती कड कुठेच दिसत नव्हती. दातांच्या बुडाशी रव्याच्या लाडवासारखे कण थापलेले, ते इनॅमलवरही चढलेले, आणि मधेमधे टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं. खऱ्या गाळात अशी नेटकी गोल छिद्रं सहसा नसतात. ते गोंदात अडकलेले हवेचे बुडबुडे होते. रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारला, तर प्रत्येक दाताभोवती निळसर पांढरी कडी उजळली.

नुसता गोंद चमकला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही, हे मला नंतर कळलं. ६-७ कोटी वर्षांचा दात खडकातून निघताना तुकडे होतातच आणि ते जोडणं रास्तच आहे. बघायचं ते सांध्याच्या दोन्ही बाजूंना. दातावरच्या बारीक भेगा, रंगाचे पट्टे, धारेची रेघ सांधा ओलांडून पुढे जात असेल तर ती दुरुस्ती. सांध्यापाशीच सगळं थांबत असेल, तर दोन वेगळ्या दातांचं लग्न लावलंय.

या फेऱ्यात जाणकारही अडकतात, हे वाचून जरा बरं वाटलं. २०२१ साली खुरीब्गाच्याच भागातल्या एका जबड्यावरून ‘झेनोडेन्स’ नावाचा नवा मोसासॉर जाहीर झाला होता. २०२४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर शंका घेतली. त्यांच्या आक्षेपांत एका खाचेत दोन दात असल्याचाही मुद्दा होता. जबड्याचा सीटी स्कॅन करावा अशी त्यांची मागणी. ताईला लेख पाठवला. तिचं उत्तर एका शब्दाचं: “बघ.”

मग जबडा फोडायचा ठरवला. गॅरेजचं दार उघडं टाकून, काचेच्या बरणीत गोंद विरघळवणारं अ‍ॅसिटोन ओतून त्यात बुडवला. (हे घरात करू नका, वाफ पेट घेते.) दुसऱ्या दिवशी तळाशी लापशी आणि वर सुटे दात. ‘हाड’ म्हणून जे होतं, ते वेगवेगळ्या हाडांचे चुरे वाळूत कालवून केलेलं. पाचांपैकी चार दात मोसासॉरचे, तेही एकाचे नव्हेत: दोन जाड, बोथट, धारेवर बारीक करवत असलेले, दोन सडपातळ, अंगावर उभे पैलू असलेले. पाचवा चपटा आणि सुळ्यासारखा, तो एन्कोडस नावाच्या माशाचा. दात सगळे खरे. मी दातच तपासत बसले असते तर कधीच सापडलं नसतं.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता विकत घेताना मी सुटा, अर्धवट, बुडाशी मोडलेला दातच मागते. मोडलेल्या जागी आतलं दिसतं. मोरोक्कोच्याच केमकेम भागातला, स्पायनोसॉरस नावाच्या डायनासोरचा दात घेतला तेव्हा धारेवर करवत नाही, अंगावर उभ्या रेघा आहेत, हे पाहिलं. तरी तिथल्या मगरींचे दात याच नावाने विकले जातात, म्हणून आणखी पंधरा मिनिटं घातली.

अ‍ॅसिटोनमधून निघालेल्या जाड दातांपैकी एकाच्या बुडाला गोंदाखाली एक खळगा लपला होता. जुना दात पडायच्या आधी नवा त्याच्या मुळाशी उगवतो, तो हा खळगा. भिंगाखाली धरला तर आत ज्वारीच्या दाण्याएवढं काळं, चकचकीत टोक. ताईला फोटो पाठवला. या वेळी तिने फोनच केला.