कुठं जाणार होता?

दादा काल जेवताना एक वाक्य बोलला आणि विसरूनही गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना.

टीव्हीवर फुटबॉल मॅचच्या आधी स्टँडमध्ये लेडली किंग दिसला, लंडनच्या टॉटनहॅम म्हणजे स्पर्स क्लबाचा जुना कॅप्टन. मी सहज म्हटलं, अख्खं करिअर एकाच क्लबात काढलं या माणसानं. तर दादा म्हणाला, "अगं, तसला गुडघा घेऊन कुठं जाणार होता? कोण घेणार होतं त्याला?" आणि आमटी वाढून घेतली. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. कशाला पाहिलं, ते तिला आणि मला माहीत आहे.

रात्री सगळं आठवत बसले. 1999 च्या मे महिन्यात लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर पहिली मॅच. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डविरुद्ध साधारण दहाव्या सेकंदाला गोल. डिफेंडरचा तो गोल प्रीमियर लीगमध्ये सर्वांत जलद म्हणून 2019 पर्यंत टिकला. 2001 मध्ये स्पर्सचा कॅप्टन सोल कॅम्पबेल करार संपवून थेट कट्टर वैरी आर्सेनलला गेला. आमच्या कोल्हापुरात एका तालमीचा प्लेयर समोरच्या तालमीकडून उतरला तर पेठ काय करेल, तसंच तिकडं झालं. किंग तेव्हा विशीत होता. गुडघा अजून साथ देत होता, 2004 च्या युरोत तो इंग्लंडकडून फ्रान्सविरुद्ध खेळला. तेव्हा त्याला कुणीही घेतलं असतं. म्हणजे दादाचं म्हणणं तारखांवरच पडतं.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

कारण नंतरची वर्षं आहेतच. डाव्या गुडघ्यातली गादी पार गेलेली, हाडावर हाड. मॅच झाली की गुडघा सुजायचा, म्हणून आठवडाभर टीमबरोबर सराव नाही. पोहायचं, जिममध्ये जे झेपेल ते करायचं आणि शनिवारी थेट मैदानात. सरावाशिवाय सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळायचं तर पुढचा फॉरवर्ड कुठं वळणार हे आधीच ओळखायचं, कारण चुकलात तर धावून भरून काढायला पाय नाहीत. तो ओळखायचा. 2008 चा लीग कप स्पर्सनं तो कॅप्टन असतानाच जिंकला, चेल्सीला 2-1 हरवून. 2010 च्या वर्ल्ड कपलाही त्याला नेलं. अमेरिकेविरुद्ध हाफटाइमलाच जांघेच्या दुखापतीनं घात केला. बिचारा.

त्या वर्षांत त्याला खरंच कुणी घेतलं नसतं. दादा तिथं बरोबर आहे आणि हेच मला टोचतंय. पर्याय नसताना राहिलेल्या माणसाला निष्ठावान म्हणायचं की नाही? मी इथं राहिले तेव्हा माझ्यापुढं पर्याय होता. नंतर नव्हता. आईचं… जाऊ दे. पुण्याच्या त्या पत्राचं दादाला माहीतच आहे. सगळे आपापल्या वाटेनं गेले आणि जी राहिली तिला विचारतात, तू कुठं जाणार होतीस?

पहाटे नोव्हेंबर 2006 चा तो टॅकल पुन्हा पाहिला. चेल्सीचा रॉबेन बॉल घेऊन एकटाच सुटलाय, त्या वेगात त्याला गाठणं म्हणजे अशक्यच. किंग मागून येतो. लांब, शांत ढांगा. बॉक्समध्ये त्याला गाठतो आणि पाय घालतो तो बॉलवरच, रॉबेनला धक्कासुद्धा न लावता. ती मॅच स्पर्सनं जिंकली. त्या क्षणी तो क्लबात का राहिला, जाता आलं असतं का, याचा काही संबंधच नसतो. समोर काम आहे आणि तो ते जिवाच्या आकांतानं करतोय.

मला वाटतं, रोजचं राहणं असंच असतं. पहिल्यांदा आपण ठरवून राहतो. मग परिस्थिती ठरवते, आणि आपण काम करत असतो. दोन्ही खरं असू शकतं. क्लबनंही त्याला सोडलं नाही, दोन मॅचमध्ये एक खेळणाऱ्या माणसाला कॅप्टन ठेवलं. 2012 मध्ये 31 व्या वर्षी तो थांबला तेव्हा 323 मॅच झाल्या होत्या. धड गुडघ्यावर पाचशे झाल्या असत्या. तरीही मला हे 323 कमी वाटत नाहीत, आणि दादाला तसं वाटत असेल तर वाटू दे. त्याच्याशी यावर भांडायचं नाही, असं ठरवलंय. आईच्या गोळ्या आणायला त्यालाच पाठवायचंय आज.