अंगठ्याखालचा पास

टीसी आहे असं मी लोकलमध्ये कुणाला सांगत नाही. सकाळी कल्याणहून बायकांच्या फर्स्ट क्लासमध्ये चढते ती साध्या कपड्यांत, रेल्वे स्टाफला मिळतो तो कार्ड पास पर्समध्ये आणि काळा कोट पिशवीत घडी घालून. कुणी विचारलंच तर "रेल्वेत आहे, ऑफिसला." खरं सांगितलं की एक तर डब्यातल्या गप्पा बंद होतात, नाहीतर प्रत्येकीला आपल्या दिराला कुठल्या टीसीने उगाचच कसं अडवलं होतं ते आठवतं.

आमचा ग्रुप दोन वर्षांचा. डोंबिवलीला मावशी चढायच्या. दादरला एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. गुडघा दुखतो, म्हणून ठाण्याला कुणीतरी उठून त्यांना बसवायचं आणि त्यांनी चिवड्याचा डबा उघडायचा, हे ठरलेलं. मला "अगं, तू जेवतेस की नाही?" असं विचारणाऱ्या या शहरात त्या एकट्याच.

लोकांना वाटतं, आम्ही तिकीट बघतो. तिकीट नंतर, आधी माणूस. किल्लेबंदी असते, म्हणजे स्टेशनच्या सगळ्या वाटा एकाच वेळी अडवतो, तेव्हा जिना उतरता उतरता ज्याची चाल मंदावते, तो. डब्यात जी अचानक खिडकीबाहेर बघायला लागते, ती. आणि कागदी पास असेल तर अंगठा बघायचा. पास प्लास्टिकच्या कव्हरात, हात लांब केलेला आणि अंगठा नेमका तारखेवर किंवा वर्गावर. "जरा हातात द्या" म्हटलं की संपलं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. मोबाइलवर तिकिटाचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांचं तर विचारूच नका. तो चालत नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी नेटवर्क नाही म्हणून आमच्यावरच आवाज चढवतात.

त्या दिवशी पाऊस होता, गाड्या वीस मिनिटं मागे. फर्स्ट क्लासची तपासणी होती, म्हणून मी अंगात कोट घालून कल्याणला चढले, नेहमीच्या गाडीनंतरच्या दुसऱ्या गाडीला. सोबत नवीन जोडीदारीण, नोकरीला सहा महिने, आवाज खणखणीत. डोंबिवलीला बायकांचा लोंढा आत आला आणि त्यात पाठमोऱ्या मावशी, हिरवी छत्री ठिबकतेय. त्यांचीही नेहमीची गाडी चुकली होती.

मुंब्रा मागे पडलं तेव्हा मी त्यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी मान वर न करता पास पुढे केला. अंगठा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. "जरा हातात द्या" हे मी म्हटलं की माझ्या सवयीने, मला अजून सांगता येत नाही.

पास सेकंडचा. तारीख चालू, शिक्का नीट, सगळं व्यवस्थित. फर्स्टचा पास जवळजवळ तिपटीच्या घरात जातो.

मग त्यांनी वर बघितलं. कोट, बिल्ला, मग तोंड. जोडीदारीण मागून म्हणाली, "पैसे नसतील तर उतरवू या इथेच कुठेतरी." तिला मी तिथल्या तिथे गप्प केलं. एकट्या बाईला आपल्या मनाला येईल तिथे उतरवता येत नाही. रेल्वे कायदा 1989, कलम 139: ती जिथून निघाली ते स्टेशन, नाहीतर जंक्शन, टर्मिनस किंवा जिल्ह्याचं ठिकाण, तेही दिवसाउजेडी. म्हणजे ठाण्याला चालेल, मुंब्र्याला नाही. हे कलम मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. निम्म्या स्टाफला ते माहीत नसतं. पण त्या क्षणी ते मी कुणासाठी म्हणून दाखवत होते?

"किती झाले, मॅडम?" मावशी म्हणाल्या.

दोन वर्षांत पहिल्यांदा "मॅडम". भाड्यातला फरक आणि वर दंडाचे 250 रुपये. मी पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला. पावतीवर नाव लिहावं लागतं. मावशींचं नाव मला माहीत नव्हतं. विचारलं. त्यांनी बँकेत सांगतात तसं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सावकाश सांगितलं. पाचशेची नोट दिली, सुटे मोजून घेतले. गुडघ्याचा विषय काढला नाही, ओळखही दाखवली नाही. ठाण्याला त्यांना बसायला जागा मिळाली नाही, आणि कोटात असताना मी कुणाला "उठा" म्हणणार?

जोडीदारीण नसती तर मी पास परत दिला असता का? या प्रश्नापेक्षा दुसराच जास्त टोचतो. दोन वर्षं त्यांचा चिवडा खाताना तो अंगठा मला दिसला नव्हता, की ऑफिसला जाते म्हणणाऱ्या मला बघायचाच नव्हता?

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीला डोंबिवलीला मावशी आमच्या डब्यात चढल्या नाहीत. आमच्या आणि शेजारच्या सेकंडच्या लेडीज डब्याच्या मध्ये लोखंडी जाळी आहे. तिच्यातून हिरवी छत्री दिसली.

घाटकोपरला एकीने विचारलं, "मावशी आजारी आहेत का गं? तुला काही बोलल्या?"

"नाही बाई," मी म्हटलं.

जाळीपलीकडे त्या आमच्याकडे पाठ करून, एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.